कोऱ्या कागदाखालची सही

आप्पा,

आज आखिती, अक्षय तृतीया. सणाला म्हणून गावी आलोय. सकाळीच कुंभारीण घागर देऊन गेली. आपल्यात पितरांचं फारसं काही करत नाहीत, पण आखितीची घागर आईनं कधी चुकवली नव्हती, म्हणून माझी बायकोही चुकवत नाही. तुमच्या नावानं पाणी भरून ती देवळीखाली मांडलीय, वर एक आंबा ठेवलाय. दरसाल घागर कुंभार स्वतः आणायचा. यंदा तो येणार नव्हताच. कुंभारणीनं घागर टेकवली, ओसरीच्या पायरीवर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि मला एक गोष्ट सांगून गेली. ती काय म्हणाली ते शेवटी लिहीन. आत्ताच लिहिलं तर पुढं हात चालायचा नाही, आणि मला हे सगळं एकदा तुमच्यासमोर मांडायचं आहे. तुम्ही रागावलात तरी आता मला काय करणार आहात?

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. दुकान धाकटा बघतो, मी बीडला वकिली करतो. गावात अजून एखादी गोष्ट पक्की आहे असं सांगायचं असलं की माणसं म्हणतात, "आप्पाची सही हाय त्याच्यावर." सोयरिकीच्या बोलण्यात म्हणतात, बैलाच्या सौद्यात म्हणतात. नेकनूरच्या बाजारात एका अनोळखी माणसाच्या तोंडून मी ते ऐकलं तेव्हा छाती फुगली होती माझी. खोटं कशाला बोलू?

ती सही कशी व्हायची ते मात्र बाजारातल्या माणसाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. गावात काही गुन्हा झाला की ठाण्याचा अमीन, म्हणजे फौजदार, घोड्यावरून यायचा आणि पंचनाम्याला दोन मोतबर माणसं बोलवा म्हणायचा. मोतबर म्हणजे ज्याच्या शब्दाला वजन आहे असा, आणि आपल्या गावात पहिला मोतबर तुम्हीच. तुम्ही दुकानातून उठायचात, रुमाल झटकून डोक्याला बांधायचात, चावडीत जायचात. कारकून कागद पुढं करायचा. मोठ्या माणसाला ताटकळत ठेवायचं नाही ही रीत, म्हणून सही आधी. कागदाच्या तळाला तुमची मोडीतली झोकदार सही व्हायची, मग पान, मग चार इकडच्या तिकडच्या गोष्टी, आणि तुम्ही परत गादीवर. वरचा मजकूर कारकून मागाहून सावकाश उर्दूत भरायचा. हा मान होता. कागद वाचून दाखवा म्हणणं म्हणजे अमिनाला चार माणसांत लबाड म्हणण्यासारखं झालं असतं. तुमच्यासारख्या सभ्य माणसाच्या तोंडून ते कसं निघावं?

मला सनद मिळाली तेव्हा तुम्ही शेरवानी शिवून दिलीत. काळी, जाड, गळ्यापर्यंत गुंड्यांची. शिंप्यानं बगलेत कापड मारलं होतं, हात खांद्याच्या वर जाईना. मी कुरकुर केली तर तुम्ही म्हणालात, "वकिलाला काय झाडावर चढायचंय का? हात खाली ठिवून बोलावं. लई शोभतं." आई तव्यावरची भाकरी सोडून हसत बसली होती. ती भाकरी करपली आणि तीच तुम्ही खाल्लीत.

त्याच साली देशमुखांची कडब्याची गंजी जळाली. कुंभारानं तळ्यातली माती काढू नये असं देशमुखांचं म्हणणं, आणि सात पिढ्या आम्ही तिथलीच माती काढतो असं कुंभाराचं. भर चौकात बाचाबाची झालेली. चार दिवसांनी दिवेलागणीला गंजी पेटली आणि सकाळी अमिनानं कुंभाराला धरलं. तुम्ही नेहमीसारखे चावडीत जाऊन आलात. मग अदालतीत कागद उघडला तेव्हा त्यात निघालं की कुंभारानं दोन मोतबरांसमोर कबुली दिली, 'गंजी मीच पेटवली'. खाली तुमची सही.

त्याआधी कुंभारीण माझ्याकडे आली होती, वकीलपत्र घ्या म्हणून. मी तुम्हाला विचारलं. तुम्ही तराजूची दोरी सरळ करत होतात, मान वर न करता म्हणालात, "बापाच्या सहीवर बोट ठिवायला शिकवलं का तुला?" एवढंच. मी तिला नाही म्हणालो. कुंभाराला वकील मिळाला नाही. जिल्ह्याच्या अदालतीचे नाझिम, म्हणजे न्यायाधीश, म्हातारे होते, त्यांनी स्वतःच तुम्हाला विचारलं, "हा तुमच्यासमोर असं म्हणाला?" मी वकिलांच्या बाकावर बसलोय, तुमची पाठ मला दिसतेय. तुम्ही हातानं कपाळावरचा घाम पुसलात. मग म्हणालात, "जी हुजूर." आणि कुंभारानं मान खाली घातली. रागानं नाही. एखाद्या वडीलधाऱ्याचं धोतर वाऱ्यानं उडालं तर आपण नजर वळवतो ना, तशी.

सुटला तो. तुमच्या 'जी हुजूर'नंतरही सुटला, कारण जाब्त्यात, म्हणजे फौजदारी काम कसं चालवायचं त्या कायद्यात, एक कलम होतं. पोलिसासमोर दिलेली कबुली पुरावा धरायची नाही. नाझिमसाहेबांनी ते वाचलं आणि चष्मा उतरवला. दोन ओळींचं कलम आणि अख्खा माणूस त्यामागे उभा राहून वाचला.

दुसऱ्या दिवशी बैलगाडीनं घरी आलो. तुम्ही पूजा केलीत, स्वयंपाकघरात पाटावर बसलात आणि ताटाला हात लावला नाहीत. आईनं विचारलं, कावून जेवत न्हाई? तुम्ही तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलंत. "कागद कोरा व्हता," म्हणालात. "त्यो कुंभार माझ्यासमोर एक शब्द बोलला न्हाई. त्याला तर मी बघितलंबी न्हाई त्या दिवशी." मग ताट सारलंत आणि म्हणालात, "ही गोष्ट ह्या चुलीम्होरं ऱ्हाऊ दे."

राहिली. त्यानंतरही कुंभार दर आखितीला घागर आणायचा आणि तो आला की तुम्ही आतल्या खोलीत जायचात. पुढच्याच महिन्यात पुन्हा अमीन आला, तुम्ही पुन्हा रुमाल झटकलात आणि गेलात. तेव्हा मला तुमचा इतका संताप आला होता, आप्पा, की आठ दिवस मी तुमच्याशी धड बोललो नाही. तुम्हाला वाटलं मला ताप आहे. काढा करून घ्यायला लावलात.

तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी जिल्ह्यातल्या वकिलांनी मला हैदराबादेच्या मजलिसीवर पाठवलं, कायदे जिथं ठरतात तिथं. तुम्ही असतात तर गावभर पेढे वाटले असतेत. जालन्यापर्यंत टांगा, तिथून आगगाडी. उंच छताचं दालन, वर पंखे हलताहेत, एकेकाचं उर्दू लोण्यासारखं, आणि मी त्यात तुमची शेरवानी घालून बसलेलो. मी जरा सुटलो होतो, ती अंगात बसेना, पण दुसरी घालावीशी वाटली नाही. आपल्या कुंभाराला वाचवणारं कलम त्या दालनात टेबलावर येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

तरमीम आली, म्हणजे कायद्यातली दुरुस्ती. त्याच कलमाला एक शेपूट जोडायचं होतं. पोलिसासमोरची कबुली पुरावा धरायची नाही, मात्र दोन मोतबर पंचांची सही असेल तर धरायची. मसुदा मी दोनदा वाचला. मांडणारे सदस्य फार गोड बोलणारे गृहस्थ. म्हणाले, गुन्हेगार सुटतात, रयत हैराण होते. आणि ही तरमीम पोलिसावर नव्हे, रयतेच्या इमानावर भरवसा ठेवते. खेड्यातला मोतबर माणूस मान कापली तरी खोट्या कागदावर सही करणार नाही, असं आम्ही मानतो. मग चारी बाजूंना बघून त्यांनी विचारलं, "कुणी सदस्य आपल्या जिल्ह्यातला एक तरी दाखला देतील, मोतबर पंचानं खोट्या कबुलीवर सही केल्याचा? एक?"

माझ्या शेजारी एक वृद्ध वकील होते, दाढी पांढरीशुभ्र. ते उठले. म्हणाले, ज्याच्या हातात दंडुका आहे त्याच्याच हातात दौत देऊ नका. फार चांगलं बोलले. पण दाखला त्यांच्याकडे नव्हता. सगळ्या दालनात तो एकट्या माझ्याकडे होता, आपल्या चुलीपुढचा.

मी उठलो. आप्पा, उठलो हे तरी माझ्या नावावर लिहा. म्हणालो, आमच्याकडे पंच आधी सही करतात, मजकूर मागून भरला जातो. सदरसाहेबांनी, म्हणजे सभा चालवणाऱ्यांनी, लेखणी दौतीत बुडवली. आवाजात काही राग नाही, उलट आस्थाच. "पंचाचं नाव?" ती लेखणी कागदावर टेकलेली मला अजून दिसते. तिथं नाव गेलं असतं तर सरकारी जरीद्यात, म्हणजे राजपत्रात, छापून आलं असतं, हरेक कचेरीत, हरेक अदालतीत. आपल्या चावडीत कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं असतं. मला बाजारातला तो माणूस आठवला. मला तुमचं सारलेलं ताट आठवलं.

"ऐकीव आहे, जनाब," मी म्हणालो.

"ऐकीव नोंदता येत नाही." लेखणी वर झाली. मागच्या बाकांवर कुणीतरी हलकंसं हसलं. मी खाली बसलो. थोड्या वेळानं सदरसाहेब म्हणाले, ज्यांना मान्य त्यांनी हात वर करावेत. हात वर झाले आणि तरमीम मंजूर झाली. बाहेर पडताना ते वृद्ध वकील माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, वयामुळं थकले असतील.

गावी आल्यावर कुंभार भेटायला आला होता. हैदराबादेत म्हणे तुमी कायद्यावर बोलला, चांगलं झालं, म्हणाला. त्याला काय माहीत. देशमुखांच्या दिवाणानं मात्र मला थांबवून नवा कायदा कधीपासून लागू होतो ते विचारलं. सहज विचारल्यासारखं. मी तारीख सांगितली. त्यानं ती दोनदा म्हणून पाठ केली.

दोन वर्षं काही झालं नाही. तळ्यातली माती निघत राहिली, देशमुख वाड्याबाहेर यायचे आणि काही न बोलता आत जायचे. मी गावी आलो की कुंभाराचा आवा, भांडी भाजायची भट्टी, पेटलेला दिसायचा आणि मी उगाच अंगणात येऊन तो धूर बघत उभा राहायचो. बायको म्हणायची, धुराला काय घाबरता? मग गेल्या माघात देशमुखांची गंजी पुन्हा पेटली. ह्या वेळी राखणदार आत निजलेला होता. सकाळी तो राखेत सापडला.

कुंभाराला धरलं. मी बीडहून आलो तोवर पंचनामा झालेला. पहिली सही आपल्या धाकट्याची. मोतबरपणही दुकानाच्या गादीबरोबर वारशानं येतं, आप्पा, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तो दुकानात सुपारी कातरत बसला होता.

"सही केलीस तेव्हा वर काय लिहिलं होतं?"

"कावून इचारतो दादा?"

"सांग मला."

"काय लिव्हलं व्हतं म्हंजे? आप्पा बी अशीच करायचे ना सही. आमीन काय आपल्यासाठी उभा ऱ्हातो का? वाचून दाव म्हनणं बरं दिसतं का चार मानसांत?" मग त्यानं अडकित्ता खाली ठेवला. "आन आता मी काय सांगू अदालतीत? आप्पाच्या गादीवर बसतो मी."

ह्या वेळी कुंभाराचं वकीलपत्र मी घेतलं. लोक म्हणाले, भावाविरुद्ध उभा राहिला. नाझिम आता नवे, तरुण, हुशार. धाकटा पिंजऱ्यात आला तेव्हा मी त्याला तेच विचारलं, सही केली तेव्हा कागदावर काय होतं? तो माझ्याकडे बघतच राहिला. कपाळावर घाम, तुमच्यासारखाच. म्हणाला, "समदं व्हतं." मी नाझिमसाहेबांना सांगितलं की आमच्याकडे अशी रीतच आहे, कोऱ्या कागदावर सही घेतात. त्यांनी शिपायाला सांगून जरीदा मागवला. पान काढून शांतपणे वाचलं. तरमिमीच्या वेळी दाखला मागितला असता कोणत्याही सदस्यानं दिला नाही. बीडच्या वकील सदस्यांनी ऐकीव गोष्टीचा उल्लेख केला, नाव सांगितलं नाही. जरीदा मिटून ते म्हणाले, "वकीलसाहेब, आपण तिथं होतात. ही रीत इतकी जुनी असती तर आपल्याला एक नाव आठवलं असतं."

अजून वेळ होता. एक शब्द. गावची पंधरा-वीस माणसं मागं उभी होती, धाकटा पिंजऱ्यात, आणि कुंभार माझ्याकडे एकटक बघत होता. काहीतरी येणार आहे आणि ते माझ्याच तोंडून येणार आहे अशा नजरेनं. ती नजर मला तेव्हा कळली नाही. मी म्हणालो, "मला अधिक काही सांगायचं नाही."

जन्मठेप झाली. बेड्या घालताना त्यानं सांगितलं, आव्यात शेवटचा माल रचलेला हाय, बायकोला म्हनावं भाजल्यावर लौकर उघडू नको. तडकंल.

आता कुंभारीण काय म्हणाली ते लिहितो. पायरीवर बसून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आप्पा जायच्या आदल्या साली आमच्या आव्यापाशी आलते. एकलेच. मी माती तुडवीत व्हते. ह्यांच्या म्होरं हात जोडले त्यांनी. म्हनले, कागद कोरा व्हता, मी अदालतीत खोटं बोललो. पुन्हा कदी तुझ्यावर अशी येळ आली तर माझं नाव घे. मी नसलो तरी घे. पोराला मी सांगतो, म्हनले." मी विचारलं, मग कुंभारानं अदालतीत नाव का घेतलं नाही? तर म्हणाली, "मी बी त्येच म्हनलं. ते म्हनले, मेलेल्या मानसाचं नाव आपुन कशाला खराब करायचं? त्याचा पोरगा वकील हाय, त्याला ठावं आसंल. त्यो सांगंल." मग घागरीवरून हात फिरवून म्हणाली, "घागर मीच भाजली. पाझरली तर सांगा." आणि गेली.

का नाही सांगितलंत मला? कुंभाराला सांगितलंत, हात जोडलेत, आणि ज्याच्या तोंडात ते नाव अडकून बसणार होतं त्याला सोडून गेलात. रोज एका ताटाला जेवत होतो आपण. 'चुलीम्होरं ऱ्हाऊ दे' म्हणालात ते मी पाळत बसलो, आणि तुम्ही स्वतः ते मोडून कधीच मोकळे झाला होतात. की सांगायला आला होतात, आणि मी तेव्हा कागदपत्रांत डोकं घालून 'नंतर बोलू' म्हणालो होतो? तसं एकदा झालं होतं खरं. तुम्ही दारात उभे होतात, रुमाल हातात. मी वर बघितलं नव्हतं.

हा कागद पाठवायचा कुठं? घडी करून शेरवानीच्या खिशात ठेवतो. ती हैदराबादेहून आल्यापासून तशीच खुंटीला आहे, उजव्या बगलेत वीतभर उसवलेली. बायकोनं विचारलं होतं, मी म्हणालो टांग्याच्या कडीत अडकली. तिला, धाकट्याला, कुंभाराला, सगळ्यांना मी सांगितलं की मत घेतलं तेव्हा मी गप्प बसून राहिलो. शेजारच्या म्हाताऱ्यांचा हात गुडघ्यावर होता. बाकी सगळ्या दालनात हात वर होते आणि सदरसाहेब माझ्याकडे बघत होते. शिवण टरकन वाजली ती मला ऐकू आली होती, आप्पा. तरी मी हात खाली घेतला नाही.